मी आहो, वाढा

मोठ्या गुरुजींना मरताना बघायला आमची सगळी शाळा रोज दुपारी व्हरांड्यात जमत असे. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं नोकरी केली. त्या सहा वर्षांत ते एकदाही मेले नाहीत.

त्याचं असं होतं. शाळेत पोषण आहार सुरू झाला तेव्हा वरून एक पत्र आलं होतं. शिजवलेलं अन्न मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी शाळेतल्या जबाबदार मोठ्या माणसाने चाखावं आणि चव रजिस्टरमध्ये तशी नोंद करून सही करावी. ही नोंद एरवी कशी होते ते मी सांगत नाही, मास्तर लोक समजून घेतील. आमचे मुख्याध्यापक मात्र पत्र फायलीला लावून थांबले नाहीत, त्यांनी ते पाळलं. बाराला दहा कमी असताना ते घरून आणलेली स्टीलची ताटली घेऊन व्हरांड्यात पाटावर बसत. आमची स्वयंपाकीण सायत्राबाई त्या ताटलीत डावभर खिचडी टाकायची. ते ती शेवटच्या शितापर्यंत खात आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसत. समोर पटांगणात शंभरावर पोरं आपापल्या ताटल्या घेऊन, वासाने व्याकूळ होऊन, गुरुजींना काही होतं का ते बघत बसलेली. पहिलीतली नवी पोरं तर पापणीसुद्धा लवू देत नसत. अर्धा तास झाला की गुरुजी गुडघ्यावर हात रोवून उठत, एकदा सगळ्यांकडे बघत आणि सांगत,

"मी आहो. वाढा."

मग पंगत बसायची.

शाळा देवरीहून डांबरी रस्ता सोडून आत, जंगलाला लागून होती. सातवीपर्यंत वर्ग. गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणे आणि मला लहान गुरुजी. गुरुजी अंगाने भरलेले होते. बारा महिने राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. बोलणं मोजकं. हसताना मी त्यांना दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा बहुतेक शिंक येत होती.

पत्रात शब्द 'अन्न' असा होता. गुरुजींनी तो सगळ्याच वस्तूंना लावला. पटांगणात नवा झोपाळा बसवला तेव्हा पहिला अर्धा तास गुरुजी त्यावर बसले. झोके घेतले नाहीत, नुसते बसले. नव्या हातपंपाचं पाणी आधी ते प्यायले. जंताच्या गोळ्या आल्या तेव्हा पहिली गोळी त्यांनी चावून खाल्ली. मुलींसाठी सायकली आल्या. त्या सातही सायकली त्यांनी एकेक करून पानठेल्यापर्यंत नेल्या आणि परत आणल्या. लेडीज सायकलवरून मुख्याध्यापक सात वेळा जाऊन सात वेळा आल्यामुळे गावाला दिवसभराचं काम मिळालं. गणवेशाचा शर्ट अंगात जाणं शक्यच नव्हतं, म्हणून एक बाही कोपरापर्यंत चढवून ते अर्धा तास ऑफिसात बसून राहिले आणि नंतर म्हणाले, "खाजवत नाही. वाटा."

परीक्षेचे पेपरही ते आधी स्वतः सोडवत. एकदा चौथीचा गणिताचा पेपर सोडवून त्यांनी मला तपासायला दिला. मी प्रामाणिकपणे तपासला. त्यांना अठ्ठ्याऐंशी पडले. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मलाही त्यांनी चाखून पाहिलं होतं. मी रुजू झालो त्या दिवशी मला चौथीवर पाठवलं आणि स्वतः मागच्या बाकावर, पोरांच्या मध्ये जाऊन बसले. मी घाम पुसत अपूर्णांक शिकवले. अर्ध्या तासाने ते उठले, पोरांना म्हणाले, "मी आहो. शिका," आणि निघून गेले.

मी एकदा धीर करून विचारलं, "एवढं कायले करता गुरुजी?"

"लेकराच्या पोटात जाणारं आधी मोठ्याच्या पोटात गेलं पाहिजे."

"पण झोपाळा थोडीच पोटात जाते?"

"पोट्टा तं जाते ना झोपाळ्यावर," ते म्हणाले.

सगळं चाखणाऱ्या या माणसाने एक जागा तेवढी सोडली होती. शाळेच्या नव्या इमारतीवर गच्ची होती. गच्चीला जिना होता, जिन्याला दार होतं, दाराला कुलूप होतं. किल्ली मागितली की गुरुजी म्हणत, "हरवली." सहा वर्षं ती हरवलेलीच होती. दुसरी करून घेऊ म्हटलं तर म्हणत, "हरवलेली सापडली तं दोन होतीन."

सायत्राबाईला गुरुजींचं हे चाखणं मुळीच आवडत नसे. ती पन्नाशीकडे झुकलेली, काटक, गोंड वस्तीतली बाई. बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. "नऊ वर्स झाले," ती मला ऐकवायची, "माह्या हातचं खाऊन कोनी मेलं का? घरी सासू मले म्हने, तुह्या हाताले चव नाही. इथं हे म्हनते, मरतो का ते पाहू दे. भरोसाच नाही बाप्पा!" तिचा स्वयंपाक सव्वाअकराला उतरायचा. पण बाराला दहा कमी झाल्याशिवाय ती गुरुजींना हाक मारत नसे. तोवर स्वयंपाकखोलीच्या मागे, आमच्याकडे पाठ करून, एका दगडावर बसून राहायची. ती मुद्दाम ताटकळत ठेवते, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. गुरुजींचंही असावं, पण ते बोलत नसत.

एकदा वांदराने गुरुजींची ताटली पळवली आणि तो पटांगणातल्या चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसला. आम्ही खालून दगड मारले. त्याने ताटलीत तोंड पाहिलं आणि ती दोन फांद्यांच्या दुबेळक्यात अडकवून ठेवली. सायत्राबाईने चपला काढल्या, बुंध्याला हात लावून काहीतरी पुटपुटली, लुगडं खोचलं आणि सरसर वर गेली. लहानपणी चारोळीची चारं आणि टेंभरं काढायला ती रोज झाडावर असायची. पुटपुटलीस काय म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "झाडाले सांगा लागते, चढून राहिलो म्हनून. न सांगता कोनाच्या घरात जाता का तुमी?" ती वर होती तेवढा वेळ मोठे गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाईमाणूस झाडावर चढते, बघू नये, हा त्यांचा सुसंस्कृतपणा, असं मी समजलो. मला माणसं ओळखता येतात, असा माझा त्या काळी समज होता.

आता सहलीचं सांगतो.

आमची सहल एक वर्ष कचारगडच्या गुहा आणि एक वर्ष बोदलकशाचा तलाव, अशी आलटून पालटून जायची. मी बोदलकशाकडचाच, माझं लहानपण त्या पाण्यात गेलं, त्यामुळे मला तलाव दाखवायची हौस. पोरांना दोन्ही पाठ झालं होतं. त्या वर्षी बातमी आली की सालेकसा बाजूच्या डोंगरात नागपूरच्या काही तरुणांनी झाडांवर दोर बांधले आहेत. या झाडावरून त्या झाडावर जायचं, कुठे फळ्यांवरून, कुठे एका तारेवरून, आणि शेवटी कप्पीला लटकून जमिनीवर यायचं. सातवीच्या पोरींनी गुरुजींना अर्ज दिला. अर्जाखाली एकोणीस सह्या होत्या. पुढच्या वर्षी हायस्कुलासाठी देवरीला जावं लागणार, आणि त्यातल्या निम्म्या जणींना घरचे पाठवणार नाहीत, हे त्या पोरींना आणि आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणजे त्यांची ही शेवटची सहल. गुरुजींनी अर्ज तीनदा वाचला. मग लाल पेनाने त्यावर लिहिलं, 'आधी मी.'

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. सहावी-सातवीची अडतीस पोरं, गुरुजी, मी, आणि भात शिजवायचा गंज आणि डाव घेऊन सायत्राबाई. गाडी सुटायला अर्धा तास उशीर झाला. का ते सांगायला नको.

जागा छान होती. डोंगराच्या कुशीत उंच उंच झाडं, त्यांना माणूस दोन माणूस उंचीवर, पुढे त्याहून वर, गोल फळ्या बसवलेल्या. अशी सात झाडं. लाल टोपीवाल्या एका तरुणाने सगळ्यांना पट्टे दाखवले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन दोर, दोन्हींना हूक. "एक हूक अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही," तो म्हणाला. हा नियम गुरुजींना फार आवडला. त्यांनी तो निळ्या पेनाने वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "शासनाचा आहे का?"

"नाही सर, आमचाच."

"चांगला आहे. शासनाले कळवा."

मग ते बूट काढायला लागले. तरुण गडबडला. "सर, तुम्हाला कशाला? आम्ही रोज सकाळी चेक करतो ना. बच्चा लोग को जाने दो."

"तुमी चाखलं, तुमच्या पोट्ट्यांसाठी. हे माहे आहेत," गुरुजी म्हणाले. मग पोरांकडे वळून त्यांनी जाहीर केलं, की ते सातही झाडं पार करून खाली आले तर सगळे चढतील. नाही आले, तर कोणी चढणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी ज्या कामाला बसले ते काम कधी नापास झालं नव्हतं.

सफारीवरून पट्टे आवळले. डोक्यावर हेल्मेट आलं. गुरुजी शिडी चढले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, हे फक्त मला दिसलं, कारण मी शिडी धरून होतो. पहिल्या झाडावर ते बराच वेळ उभे राहिले. नियमच आहे, असं पोरांना वाटलं. दुसऱ्या झाडावर जाताना फळ्या हलल्या आणि गुरुजींच्या तोंडून एक आवाज आला. तो मराठी नव्हता. तिसरं झाड साजाचं होतं, गोंड लोक ज्याला देव मानतात त्या ऐनाचं, बरंच उंच. तिथे ते पोचले, हूक अडकवला, आणि दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली.

ती त्यांनी सोडली नाही.

अर्धा तास झाला. पोरं वर बघत बसली. पाऊण तास झाला. मी खालून ओरडलो, "गुरुजी, काय करून राहिले?"

"विचार करून राहिलो," वरून उत्तर आलं. गाल झाडाला चिकटलेला असल्यामुळे शब्द नीट कळत नव्हते.

लाल टोपीवाला वर गेला, त्यांच्याशी बराच वेळ बोलला आणि खाली आला. "सर घाबरले आहेत," तो हळूच मला म्हणाला. "मी म्हटलं दोराने खाली सोडतो, दोन मिनिटांचं काम आहे. ते नाही म्हणतात."

मी पुन्हा ओरडलो, "गुरुजी, उतरून घ्या ना!"

"मी असा उतरलो तं पोट्टे चढनार नाही," ते म्हणाले. "मी सांगून बसलो आहो."

तेव्हा मला गच्चीची किल्ली कुठे हरवली होती ते समजलं, आणि चिंचेखाली ते भिंतीकडे का वळले होते तेही. उंचीची त्यांना जन्माची भीती होती. तरी ते तीन झाडं गेले होते. आता त्यांना पुढे जाववत नव्हतं आणि खाली उतरायचं नव्हतं. चार वाजता गाडी निघणार होती, कारण ड्रायव्हरला रात्रीच्या आत परतायचं होतं. सातवीच्या पोरी एका ओळीत बसल्या होत्या, हेल्मेट मांडीवर घेऊन. कोणी रडत नव्हतं. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं तर एक उपाय होता. 'गुरुजी, तुम्ही उतरा, तुमच्याऐवजी मी चाखतो,' एवढं वाक्य मला म्हणायचं होतं. शाळेत त्यांच्या खालोखाल मीच. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत येऊन चार-पाचदा परत गेलं. मी पाण्याकाठचा माणूस, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की मलाही भीती वाटत होती, आणि माझी भीती अजून कोणाला कळलेली नव्हती. ती मी जपत होतो.

इतक्यात खालच्या चुलीवरून सायत्राबाई आली. हाताला हळद, कमरेवर हात.

"आलूभात झाला," ती वर बघून ओरडली. "चाखाले या जी गुरुजी!"

"येतो," झाडातून आवाज आला.

"कवा?"

आता दोन्ही गोष्टी अडल्या होत्या. गुरुजी उतरल्याशिवाय पोरं चढणार नव्हती, आणि गुरुजींनी चाखल्याशिवाय पोरं जेवणारही नव्हती. आलूभाताचा वास डोंगरभर पसरला होता. सायत्राबाईने माझ्याकडे पाहिलं. मी एका साळुंकीकडे पाहिलं.

"द्या तो पट्टा इकडं," ती लाल टोपीवाल्याला म्हणाली.

तिने चपला काढल्या, लुगडं खोचलं. पट्टे, हेल्मेट, सगळं त्या पोराच्या म्हणण्याप्रमाणे घातलं. एका झाकणाच्या डब्यात आलूभात भरून डबा पदराने पोटाशी बांधला. शिडीच्या झाडाला हात लावून पुटपुटली आणि चढली. दुसऱ्या झाडाकडे जाणाऱ्या फळ्या तिच्या पायाखाली हलल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. प्रत्येक हूक तिने मोठ्याने सांगत लावला, "हा लागला. आता हा काढतो." साजाच्या झाडाशी पोचली आणि तिथे आधी झाडाला हात जोडून मग गुरुजींच्या शेजारी उभी राहिली.

जंगलात वारा नव्हता. वरचं अक्षरन् अक्षर ऐकू येत होतं.

तिने डबा उघडला, घास केला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"बाई!" गुरुजी झाडाशीच म्हणाले. "आधी मी."

"आधी तुमी कवा होता जी?" ती चावत म्हणाली. "रोज मीच आधी चाखतो."

"कवापासून?"

"पह्यल्या दिसापासून. उतरवलं का गंजातूनच घास घेतो. मंग मांगं दगडावर जाऊन बसतो अर्धा तास. काही नाही झालं मले, का मंग तुमाले हाक मारतो."

गुरुजींचा गाल झाडापासून चार बोटं दूर झाला. "कायले?"

"कायले म्हंजे? तुमाले काही झालं तं शाळा कोन चालवन? हे लहान गुरुजी?"

अडतीस पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

मग गुरुजींचा आवाज आला, आणि तो मी कधी ऐकला नव्हता असा, अगदी सातवीतल्या पोरासारखा होता. "मंग मी नऊ वर्सं काय चाखलो?"

"माहं उष्टं," सायत्राबाई म्हणाली. "घ्या. तोंड उघडा नाही तं हात सोडा. दोन्हीतलं एक करा."

गुरुजींनी एक हात सोडला. त्यांनी घास घेतला आणि खाल्ला. मग आणखी एक. डबा संपवला. शेवटचं शीत बोटाने टिपलं. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आता हे पाहा," सायत्राबाई तोंड पुसून म्हणाली. "हा दोर मी चाखतो. तुमी फक्त उष्टं खा."

ती झाडाला वळसा घालून तारेवर गेली, पलीकडच्या झाडावर पोचली, वळली, आणि तिथून तिने हाक दिली, "मी आहो. या!"

गुरुजी तारेवर उतरले. पाय पुढे सरकत नव्हते, एकेक पाऊल टाकायला मिनिट लागत होतं. पोरांनी ओरडायचं नाही असं आपसांत ठरवून टाकलं होतं, ते मला नंतर कळलं. चौथ्या झाडावर ते पोचले तेव्हा ती पाचव्याकडे निघाली. "मी आहो. या." पाचव्यावरून सहावं. "मी आहो. या." सातव्या झाडावरून कप्पीला लटकून घसरायचं होतं. सायत्राबाईने तिथे मात्र अशी किंकाळी फोडली की झाडांवरची पाखरं उडाली. पण खाली पाय टेकल्याबरोबर ती उभी राहिली आणि वरच्याला ओरडून म्हणाली, "मी आहो गुरुजी! पक्कं हाये! सोडा सोतःले!"

गुरुजी आले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, सफारीची बटणं तुटलेली, दोन्ही पेनं वाटेत कुठेतरी पडलेली. जमिनीवर आल्यावर त्यांना कोणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. गुडघ्यावर हात रोवून उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"मी आहो," ते म्हणाले. आणि मग सायत्राबाईकडे बोट करून, "ह्या आहेत. चढा."

एका वेळी चार पोरं वर, बाकीची खाली जेवत, अशी ती दुपार गेली. अर्धा तास वगैरे त्या दिवशी कोणी पाळला नाही. एकोणीसच्या एकोणीस पोरी सातवं झाड करून आल्या. एक तर दोनदा जाऊन आली आणि तिसऱ्यांदा रांगेत उभी राहिलेली सापडली. गुरुजी एका दगडावर बसून शेवटच्या पंगतीला जेवले. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. मला वर जायचं का, असं कोणी विचारलं नाही.

त्यानंतर काही फार बदललं, असं नाही. गुरुजी रोज बाराला दहा कमी असताना पाटावर बसतच राहिले. फक्त आता सव्वाअकराला सायत्राबाई मागच्या दगडावर बसली, की तेही ऑफिसातून उठून स्वयंपाकखोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. तिला काही होतं का ते बघत. अर्धा तास दोघं एकमेकांशी बोलत नसत. सासू बरोबर म्हणत होती, असं त्यांनी एकदा तिला सांगितलं, मीठ कमी पडतं. त्यावरून ती चार दिवस रागावली होती.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. चार्ज माझ्याकडे आला. सगळी रजिस्टरं, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या त्यांनी एकेक करून टेबलावर ठेवल्या, आणि शेवटी खिशातून एक गंजकी किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली.

"सापडली," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी चव रजिस्टर उघडलं. सहलीच्या दिवसाची ओळ शोधली. पदार्थाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आलूभात व दोर.' चवीच्या रकान्यात, 'आलूभात चांगला. दोर घट्ट. मला भीती वाटली.' आणि चाखणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात दोन सह्या होत्या. वर सायत्राबाईची, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, मोठ्या वाकड्या अक्षरांची. खाली गुरुजींची. तिथून पुढे रोज तशाच दोन सह्या, तिची वर, त्यांची खाली. केंद्रप्रमुखांनी एकदा हरकत घेतली होती, चाखणारा जबाबदार मोठा माणूस पाहिजे म्हणून. तेव्हा गुरुजी त्यांना म्हणाले होते, "ह्या शाळेत यांच्याहून मोठं कोनी दिसते का तुमाले?"

सहलीच्या दिवसाच्या ओळीत तिसऱ्या सहीला जागा होती. चांगली बोटभर जागा. ती मोकळी आहे, आणि आता ती भरता येत नाही. मी ते पान पुष्कळदा उघडून पाहिलं आहे.

परवा सातवीच्या पोरांनी अर्ज दिला. थंडी आहे, गच्चीवर उन्हात वर्ग भरवा म्हणून. मी अर्जावर लाल पेनाने तेच दोन शब्द लिहिले, बाराला दहा कमी असताना खिचडी चाखली, किल्ली घेतली आणि वर गेलो. कठडा मांडीपर्यंतच आहे. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि लगेच मागे सरकलो. भिंतीला पाठ लावून मी उभा राहिलो. अर्धा तास उभं राहायचं, मग कठड्याला हलवून पाहायचं, असं मी ठरवलं होतं. अर्धा तास होत आला असेल. खालून सायत्राबाईची हाक आली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, पण आवाज तोच आहे.

"लहान गुरुजी, आहा का?"

मी भिंत सोडली. कठड्यापर्यंत चालत गेलो, दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला आणि खाली पाहिलं. सगळी शाळा पटांगणात ताटल्या घेऊन वर बघत बसली होती.

"आहो," मी म्हटलं. "वाढा."